पिशवीत स्केचबुक ठेवून मराठवाडा फिरताना

नव्याने स्केचबुक घेतलेली माणसं मला पहिला प्रश्न विचारतात तो "कुठे जाऊ?" हा. बहुतेकांच्या मनात उत्तर ठरलेलंच असतं: कोकण, नाहीतर महाबळेश्वर. हिरवं असलं की चित्र चांगलं येतं अशी समजूत आहे. माझा अनुभव उलटा आहे. हिरव्यागार डोंगरासमोर बसलं की सगळं एकात एक मिसळलेलं दिसतं आणि नवख्या हाताला कुठून धरावं ते कळत नाही. मराठवाड्यात झाडोरा विरळ, त्यामुळे जमिनीची हाडं दिसतात. बेसॉल्टच्या थरांनी टेकड्यांना पडलेल्या पायऱ्या, बाभळीची फांदी न् फांदी, माळवदाची आडवी रेघ, सगळं उघडं. ऊन असं की सावलीची कड सुरीने कापल्यासारखी. गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणणारा हा मुलूख. चित्राला लागणारी दोन टोकं त्या दोन शब्दांतच आली.

मात्र सुरुवात वेरूळ-अजिंठ्यापासून करू नका. मी केली होती. कैलास लेण्यासमोर बसून अख्खं देऊळ एका पानात घ्यायला गेले. तीन तासांत ना शिखर झालं ना पाया, आणि पुढे वर्षभर ती वही कपाटातून बाहेर आली नाही. कैलास आपण शेवटी घेऊ.

सामान

वही साधारण १५ बाय २१ सेंटिमीटरची, म्हणजे ए-फाइव्ह आकाराची घ्या. मांडीवर मावते, पिशवीत जाते आणि एक पान बसल्या जागी पुरं होतं. कागदाची जाडी बघून घ्या, ती जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम यात, लिहिलेली असते. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद पाणी लागलं की पापडासारखा फुगतो. २०० जीएसएम चालेल, ३०० उत्तम. फार खरखरीत कागदावर पेन अडखळतं, म्हणून हलका दाणा असलेला निवडा. स्पायरलची वही सपाट उघडते, पण मला शिवलेली आवडते, कारण दोन्ही पानांवर मिळून आडवं माळरान पसरता येतं.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा हे गाव लागतं. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, त्या काळात आलेल्या कारागिरांपासून इथली हातकागदाची परंपरा सांगतात. हातकागद दिसायला फार देखणा, पण प्रत्येक कागद जलरंगासाठी केलेला नसतो. घेण्याआधी एखाद्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. थेंब टपोरा राहिला तर कागदाला खळ चांगली बसली आहे, रंग चालेल. लगेच आत मुरून मागे डाग उमटला तर तो कागद नुसत्या पेनासाठी ठेवा.

पेनाच्या बाबतीत एकच अट आहे: शाई वाळल्यावर पाण्याने पसरता कामा नये. 'वॉटरप्रूफ' किंवा 'पिगमेंट इंक' असं लिहिलेली ०.३ आणि ०.५ टोकाची दोन ड्रॉइंग पेनं पुरतात. जेल पेनं बहुतेक वेळा पसरतात, साधी शाई तर हमखास. साधं बॉलपेन मात्र बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे पैसे नसतील तर तेच घेऊन बसा. कुठलंही नवं पेन वहीच्या शेवटच्या पानावर तपासा: पाच रेघा ओढा, पाच मिनिटं थांबा, ओला ब्रश फिरवा. आणि शाईच्या पेनात इंडियन इंक भरू नका. ती आत वाळून बसते आणि पेन कायमचं जातं.

रंगांसाठी मोठ्या शहरात जायची गरज नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांमुळे तालुक्याच्या गावीही एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात ट्यूबमधले जलरंग मिळतात. फक्त पोस्टर कलर उचलू नका. तो अपारदर्शक असतो, पेनाची रेघ झाकून टाकतो. आपल्याला रेघ खालून दिसायला हवी. मी सहाच रंग नेते: गॅम्बोज (गर्द पिवळा), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन (जांभळट निळा) आणि प्रशियन ब्लू (हिरवट गडद निळा). काळा नाही, पांढरा नाही. पांढरा म्हणजे कोरा कागद. काळा हवा असेल तेव्हा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळायचे. या एका जोडीतून इथल्या खडकाचे सगळे राखाडी निघतात: निळा वाढवला की पावसात भिजलेला कातळ, तांबडा वाढवला की उन्हात तापलेला. सहा रंग कमी वाटत असतील तर अजिंठ्याच्या भिंती आठवा. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती आणि बाहेरून आलेला लाजवर्दाचा निळा, एवढ्यावर त्यांनी काय उभं केलं आहे ते आपण बघतोच.

पेटी विकत घ्यायची नसेल तर जुनी कंपासपेटी घ्या. औषधाच्या बाटल्यांची झाकणं आत एम-सीलने चिकटवा, त्यांत ट्यूबमधला रंग भरा आणि सावलीत दोन दिवस वाळू द्या. ओला ब्रश लावला की तो पुन्हा सुटतो. झाकणाच्या आतून पांढरा ऑइलपेंट मारला की मिश्रणाची जागा तयार. टोक नीट येणारा आठ नंबरचा एक गोल ब्रश, बारीक कामाला तीन नंबरचा, पाण्याची छोटी बाटली, एक डबी, जुन्या सुती साडीचा तुकडा आणि वाऱ्यासाठी दोन क्लिपा. सामान संपलं.

पहिले पंधरा दिवस घरातच

पहिल्या आठवड्यात रंग उघडू नका. रोज दहा मिनिटं, फक्त पेन. तांब्या, उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला, दोरीवरचं धोतर, चुलीपुढचा फुंकणीचा कोन. पेन्सिल नको, खोडरबर तर नकोच. रेघ चुकली तर तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढा, दोन्ही राहू द्या. रबर हातात असलं की डोळा आळशी होतो. नसलं की रेघ ओढण्याआधी माणूस बघतो.

दुसऱ्या आठवड्यात रोज एक पट्टी रंगवा. पाच चौकोन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं मिश्रण, पहिल्यात जवळजवळ पाणीच आणि शेवटच्यात काळ्याच्या जवळ. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हे सांगून कळत नाही, पट्टी केली की हाताला कळतं.

मग बसस्थानकावर जा. फलाटासमोरच्या बाकावर बसलेली माणसं, गाठोडी, कॅन, पोत्याला टेकून झोपलेला कुणी. गाडी लागली की सगळं उठून जातं, म्हणून आधी पाठीची रेघ आणि डोकं, मग पिशव्या, चेहरा शेवटी. एका पानावर सहा अर्धवट माणसं आली तरी सराव झाला. चालत्या एसटीत काढायला जाऊ नका, पेन उड्या मारतं. रेल्वेत जमतं. परभणी किंवा पूर्णा जंक्शनला जोडगाडीची वाट बघत बसायची वेळ आली तर तो तास वहीचा समजा.

एक पान, पहिल्या रेघेपासून

इथे मी तेरमधलं एक पान उलगडून सांगते. तेर म्हणजे प्राचीन तगर, गोरोबाकाकांचं गाव, धाराशिव जिल्ह्यात. तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर बघून परतताना एका गल्लीत जुनं माळवदाचं घर दिसलं. खाली दगड, वर मातीच्या भेंड्यांची भिंत, त्यावर सपाट मातीचं छत.

आधी पाच मिनिटं पेनाचं टोपण काढलं नाही. या पाच मिनिटांत एवढंच ठरवायचं की मी इथे कशासाठी थांबले. घर आवडलं, हे उत्तर पुरेसं नाही. मला आवडली होती ती दाराच्या वरची सावली, जी भिंतीवर तिरपी उतरली होती. मग तिच्याभोवतीच पान मांडायचं, उरलेली गल्ली सोडून द्यायची.

वहीच्या कोपऱ्यात काडीपेटीएवढा चौकोन काढला आणि त्यात तीनच छटा भरल्या: कोरा कागद, मधली, गडद. आकाश आणि उन्हातली भिंत कोरी, सावली मधली, दार गडद. या इवल्या चौकोनात चित्र उभं राहिलं नाही तर मोठ्यातही राहत नाही. जागा बदला किंवा थोडं सरकून बसा.

मोठ्या पानावर पेन्सिलच्या चार खुणा चालतील: छताची रेघ, जमिनीची रेघ, दाराच्या दोन बाजू. तेवढ्याच. डोळ्याची उंची कुठे येते ते ठरवा. ओट्यावर बसलात तर ती दाराच्या कडीच्या आसपास येईल. त्या उंचीच्या वरच्या कडा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. इतका नियम माहीत असला की घर वाकडं पडत नाही.

पेन जवळच्या वस्तूपासून लांबच्याकडे. दाराची चौकट, कडी, उंबरा, मग भिंत, मग छत. भिंतीतले सगळे दगड काढायचे नाहीत. कोपऱ्यातले सहा-सात नीट काढा, बाकीचे बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो. सावली रेघांनी भरू नका, ते काम रंगाचं.

मी इथवर आले तेव्हा दारातून आजी बाहेर आल्या. "काय करायलीस गं?" म्हटलं, "घर काढायलेय, आज्जी." त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "ह्ये माझं घर हाय व्हय? मग पन्हळ कुठंय? पाऊस आल्यावर पानी भितीवरनंच सोडतीस का काय?"

मी वर पाहिलं. छताच्या कडेतून हातभर लाकडी पन्हळ बाहेर आली होती, आणि तिच्या खाली भिंतीवर पावसाळ्यांचा काळपट ओघळ थेट दाराच्या कोपऱ्यापर्यंत उतरला होता. मी अर्धा तास त्या भिंतीकडे बघत होते आणि तो ओघळ मला दिसला नव्हता. सावलीला अडवणारी एकमेव उभी रेघ तीच होती. ती काढल्यावर पान बसलं. तेव्हापासून मी नियम केला आहे: पेनाचं काम संपलं की रंग उघडण्याआधी तिथल्याच कुणाला तरी वही दाखवायची. घराचं काय राहिलं ते घरात राहणाऱ्याला लगेच दिसतं.

रंगाचे तीन हात. पहिला हात पातळ: भिंतीला यलो ऑकरचं पाणी, दगडाला त्यात किंचित निळा, आकाशाला अल्ट्रामरीन वरून खाली फिकं होत गेलेलं. उन्हाचा जिथे चटका बसतो तिथे कागद कोरा सोडायचा. मग थांबायचं. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, थंड लागला तर तो अजून ओला आहे. नवखी माणसं इथेच घाई करतात आणि चिखल होतो. दुसरा हात सावलीचा, अल्ट्रामरीन-बर्न्ट सिएनाचं मधलं मिश्रण, भरपूर पाणी घेऊन एका दमात. सावलीत पुन्हा पुन्हा ब्रश घासू नका. खालचा रंग सुटून वर येतो. तिसरा हात फक्त गडद ठिपक्यांचा: दाराच्या आतला अंधार, पन्हळीच्या पोटाखालची काळी रेघ, उंबऱ्याची फट. पाच-सहा ठिकाणीच.

शेवटी पानावर गाव, तारीख, वेळ, आणि कानावर आलेलं एखादं वाक्य लिहा. माझ्या त्या पानाखाली पन्हळीचा प्रश्न लिहिलेला आहे. आणि घरी जाऊन पान 'सुधारायचं' नाही. जागेवर जे राहिलं ते राहिलं.

ऊन, वारा, धूळ

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि रंग ब्रशवरच वाळतो. सकाळी दहाच्या आत, नाहीतर चारनंतर बसा. वही स्वतःच्या सावलीत धरा. उन्हात कोरा कागद डोळे दिपवतो, आणि मग घरी आल्यावर सगळे रंग हवे त्याहून गडद पडलेले दिसतात. ब्रश मोठा घ्या, रंगाचं थारोळं मोठं करा. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकले की वाळणं लांबतं. जास्त टाकलेत तर पान चिकट राहतं.

पावसाळ्यात उलटी अडचण, पान वाळतच नाही. एकाला पहिला हात दिला की पुढच्या पानावर पेनाचं काम सुरू करा, मधे क्लिपने फट ठेवा. सगळ्यात चांगला काळ हुरड्याचा: हवा कोरडी, ऊन तिरपं, सावल्या लांब. फाल्गुनात पळस फुललेला दिसला तर झाडाची जागा आधी पूर्ण कोरी राखा, गॅम्बोज आणि क्रिमसन तिथे स्वच्छ पाण्याने एकदाच लावा. खाली दुसरा रंग असेल तर तो केशरी मरतो.

माणसं

वही उघडली की पोरं जमणारच. त्यांना उजेड अडवायचा नाही एवढं सांगितलं की ती स्वतःच इतरांना बाजूला सारतात. "माझं काढा" म्हणणाऱ्याला नाही म्हणू नका. दोन मिनिटांत पागोट्याची किंवा पदराची रेघ होते. न विचारता मात्र कुणाचा चेहरा काढू नका, विशेषतः शेतात काम करणाऱ्या बायकांचा. नांदेडला गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून, येण्याजाण्याची वाट सोडून बसा. खुलताबादच्या दर्ग्यांतही आधी विचारा. एकट्या जाणाऱ्या मुलींना माझं सांगणं: पाठीला भिंत असेल आणि समोर चहाचं दुकान असेल अशी जागा निवडा. चहा सांगितला की तासभर बसायला कुणी काही म्हणत नाही, आणि कुणी फार रेंगाळला तर दुकानदारच त्याला हटकतो.

मग कुठे बसायचं

पहिली मोठी जागा दौलताबाद. तासलेल्या कड्यावरचा तो सुळका इतका ठळक आहे की नवख्यालाही फसवत नाही. आकाश, किल्ला, पुढची तटबंदी, तीन छटा झाल्या. शेजारी चाँदमिनारची उभी रेघ ओढली की उंचीचा अंदाजही मिळतो. बीबी का मकबरा पांढरं रंगवायला शिकवतो: पांढऱ्याला हात न लावता फक्त सावल्या रंगवायच्या, अल्ट्रामरीन अगदी पातळ, त्यात तांबड्याचा स्पर्श. बीडचं कंकालेश्वर मंदिर पाण्याच्या मधोमध आहे, प्रतिबिंबाचा सराव तिथे. नळदुर्गला पावसाळ्यात किल्ल्यातल्या पाणी महालावरून बोरी नदी कोसळते तेव्हा पाणी रंगवू नका, दोन्ही बाजूंचा ओला काळा दगड रंगवा. मधला कोरा कागद आपोआप धबधबा होतो.

जनावरं काढायची तर डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरणारी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा. लाल कंधारी बैलाला बर्न्ट सिएनात क्रिमसन घाला, पाठीवर उन्हाची कोरी पट्टी सोडा. देवणी जनावर तर जलरंगासाठीच घडवल्यासारखं: पांढरं अंग आणि चेहऱ्याला काळं असेल तर वानेरा, अंगभर काळे ठिपके असतील तर शेवरा, पोटाखाली ठिपके असतील तर बालंक्या. कुठला आहे हे मालकाला विचारा, तो आनंदाने सांगतो आणि तेवढा वेळ बैलाला धरूनही उभा राहतो.

अजिंठ्याला सोमवारी सुट्टी असते. लेण्यांच्या आत रंग उघडू नका. उजेड मंद, मागून गर्दी, आणि त्या भिंतींजवळ पाण्याची बाटली उघडणं बरं नव्हे. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत राहिले आणि त्यांची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ हेच काम पुन्हा केलं. ज्याला इतकी वर्षं लागली ते तासाभरात वहीत उतरवायचा हट्ट नको. आत नुसतं डोळे भरून बघा, एखाद्या हाताची मुद्रा पेन्सिलने टिपा, आणि रंगाची पेटी समोरच्या टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटला उघडा. वाघोरा नदीने घेतलेलं घोड्याच्या नालेसारखं वळण आणि त्यातली लेण्यांची रांग तिथून एका नजरेत येते.

आणि आता कैलास. मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारनंतर जा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन तेव्हा समोरून येतं. शिखराकडे बघू नका. अंगणात शिरा आणि दोन उंच स्तंभांपैकी एकच निवडा, नाहीतर त्याच्याजवळचा सोंड तुटलेला हत्ती. काडीपेटीएवढा चौकोन काढा, त्यात तीन छटा भरा. मागचं अख्खं देऊळ म्हणजे फक्त एक मधली छटा, एकाच हातात दिलेली. मग रखवालदाराला वही दाखवा आणि काय राहिलं ते विचारा.